वर नऊ, खाली चौदा

इओलांदाबाईंच्या घरी रविवारच्या जेवणात पहिला वाडगा कोणापुढे जाणार, हे घड्याळ ठरवत असे. भिंतीवरचं नव्हे, मिझानोच्या मोटरसायकल-ट्रॅकवरचं. बाईंना दोन मुली आणि दोन जावई. ज्या जावयाने ट्रॅकची फेरी कमी वेळात मारली असेल, त्याच्यापुढे काप्पेलेत्तीचा पहिला वाडगा. काप्पेलेत्ती म्हणजे अंड्यात मळलेल्या पिठाच्या, आत चीज भरलेल्या, नखाएवढ्या टोप्या. त्या कोंबडीच्या रश्श्यात उकळतात, आणि पातेल्यातून पहिलं ओगराळं निघतं तेव्हा सगळं घर गप्प होतं. बाईंचे यजमान तीस वर्षं रेसच्या मोटरसायकलींचे मेकॅनिक होते. ते गेल्यापासून हा न्यायनिवाडा बाईंनी आपल्याकडे घेतला होता, आणि त्याविरुद्ध अपील नव्हतं.

धाकटा जावई फॉस्को, बाथरूमच्या फरशांचा दुकानदार. त्याची वेळ एक मिनिट बावन्न सेकंद. थोरला जावई ओरिआनो, नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करणारा कारकून. त्याची वेळ काहीच नव्हती, कारण त्याच्याकडे मोटरसायकल नव्हती. सोळा वर्षं पहिला वाडगा फॉस्कोला मिळत आला होता. दुसरा, फादर आत्तिलिओ जेवायला असले तर त्यांना. ओरिआनोचा तिसरा किंवा चौथा. एकदा तर फॉस्कोच्या दुकानातला फरशी बसवणारा कारागीर आला होता, तोही ओरिआनोच्या आधी जेवला. तरुणपणी तो कुठल्याशा शर्यतीत तिसरा आला होता म्हणे.

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. तो माणूस आपण निवडलेला नसतो, पण आपली तुलना मात्र नेमकी त्याच्याशी होते. फॉस्कोचे केस अजून काळे होते. तो बोलायला लागला की माणसं घास हातात धरून ऐकत. वळणावर गुडघा जमिनीला लागतो म्हणून त्यावर प्लास्टिकच्या चकत्या लावतात; त्याच्या झिजलेल्या चकत्या सासूबाईंनी कपाटावर मारियामातेच्या मूर्तीशेजारी मांडून ठेवल्या होत्या. ओरिआनोच्या लग्नाचा फोटो त्यांच्या मागे होता. चकत्या हलवल्याशिवाय तो दिसत नसे.

मार्चमधल्या एका रविवारी चौथा वाडगा पुढे आला तेव्हा ओरिआनोने पाहिलं, की त्यात सात टोप्या आहेत आणि बाकी रस्सा. तो सहसा बोलत नसेच. पण घरी जाताना त्याने बायकोला सांगितलं, "नादिया, मी सहाशे सीसी घेतोय."

"सहाशे काय?"

"मोटरसायकल. ट्रॅकसाठी."

नादिया चालता चालता थांबली. "अरे, तुला सायकलवरून पाव आणायला पाठवलं तर तू धापा टाकत येतोस."

"ते वेगळं. तिथे चढ आहे."

गाडी त्याने शेजारच्या गावातल्या एका बेकरीवाल्याकडून घेतली. फॉस्कोची जी कंपनी, जे मॉडेल, तेच. फक्त पाच वर्षं जुनं. बेकरीवाला म्हणाला, "एकदाच पडलोय." कशावर पडला ते त्याने सांगितलं नाही, पण एअर फिल्टर उघडला तेव्हा आतून मैदा निघाला.

आता, रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणजे काय करायचं? आरसे काढायचे, दिवे काढायचे, नंबरप्लेट काढायची. रंगीत कवच उतरवून त्या जागी फायबरचं साधं पांढरं कवच बसवायचं. रेडिएटरमधला हिरवा द्रव काढून त्यात नुसतं पाणी भरायचं, म्हणजे आपण पडलो तरी आपल्या मागचा त्यावरून घसरत नाही. ऑइलच्या बोल्टला भोक पाडून तो तारेने बांधायचा. पुस्तकात हे सगळं दीड पानात आहे. ओरिआनोला सात आठवडे लागले.

त्यातले निदान तीन आठवडे शेजाऱ्यांचे धरायला हवेत. त्या गावात माणूस आजारी पडला तर शेजारी दुसऱ्या दिवशी येतात. गॅरेजातून पान्याचा आवाज आला तर त्याच दिवशी येतात, आणि बसायला खुर्ची घेऊन येतात. पहिला आला सेकोन्दो न्हावी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि दुःखाने म्हणाला, "निळी घेतलीस?"

"का? निळीला काय झालं?"

"नाही, काही नाही. फॉस्कोची लाल आहे ना, म्हणून म्हटलं."

मग फादर आत्तिलिओ आले. त्यांनी टायर दाबून पाहिले. "हवा थंडपणी तपासू नकोस, मुला. ट्रॅकवरून आलास की लगेच तपास. पश्चात्तापाचंही तसंच आहे, माणूस गरम असतानाच बघावं." आणि मग पलीकडच्या घरातल्या अर्जियाबाई, वय वर्षं एक्याऐंशी. चष्मा नाकावर ओढून त्या गाडीखाली वाकल्या.

"ही तार कोणी बांधली रे?"

"मी बांधली, काकू." त्या बोल्टपायी त्याची ड्रिलची तीन पाती मोडली होती, त्यामुळे त्याचा आवाज जरा अभिमानाचा होता.

"उलटी बांधलीस. बोल्ट सैल व्हायला लागला की तार ताणली जायला हवी. तुझी तार बोल्टला मदत करतेय. काप."

ओरिआनोने कापली. फायबरचं कवच आलं तर त्याची भोकं आणि गाडीची भोकं यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. ते त्याने प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं. पांढरं कवच, काळ्या पट्ट्या. लांबून गाडी इस्पितळातून घरी सोडल्यासारखी दिसे.

गाडी एकवेळ सोपी म्हणायची, पण कागद! क्लबच्या दिवशी ट्रॅकवर उतरायचं तर परवाना हवा, परवान्याला डॉक्टरचा दाखला हवा आणि दाखल्याच्या अर्जाला सरकारी तिकीट हवं. तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं, दुकान बुधवारी दुपारी बंद असतं, आणि ओरिआनोला सुट्टी बुधवारीच दुपारी असे. नगरपालिकेत वीस वर्षं त्याने लोकांना 'तिकीट नाही, उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं. आता प्रथमच त्याला जाणवलं की हे वाक्य किती वाईट आहे. शेवटी ते तिकीट नादियाने आणलं, आणि दवाखान्यातही तीच बरोबर आली. तिथे त्याला जागच्या जागी सायकल मारायला लावून छातीला तारा जोडल्या. अर्जात वजनाच्या रकान्यात त्याने ऐंशी लिहिलं होतं. नर्सने त्याला काट्यावर उभं केलं, ऐंशीवर लाल रेघ मारली आणि वर चौऱ्याण्णव लिहिलं.

"कपड्यांचं असेल," ओरिआनो म्हणाला.

"कपडे त्या खुर्चीवर आहेत," नर्स म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाडीच्या मागच्या बाजूला एक स्प्रिंग असते आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे घ्यावी लागते. ओरिआनोने ती आधीच मागवून बसवली होती. ऐंशी किलोची.

गाडीवर माणूस बसला की मागचा भाग किती खाली बसतो, ते मोजावं लागतं. एकाने गाडी धरायची, एकाने मोजायचं आणि मालकाने ट्रॅकचा सगळा पोशाख चढवून वर बसायचं. मोजायला इओलांदाबाई स्वतः आल्या, शिवणाची टेप घेऊन. कातड्याचा सूट जुना घेतलेला, मापाने तोही ऐंशी किलोचा. त्याची चेन लावायला दोन बायका लागल्या. चेन लागल्यावर ओरिआनोला खाली वाकता येईना आणि हेल्मेटमधून ऐकू येईना. तसाच तो चढून बसला. गाडी फुस्स करून खाली गेली.

बाईंनी चाकाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत टेप लावली, चष्मा पुसला आणि पुन्हा लावली. "पस्तीस मिलिमीटर बसायला हवी. साठ बसलीय. ओरिआनो, तुझं वजन किती?"

"ऐंशी."

गाडी धरून उभी असलेली नादिया छताकडे बघायला लागली.

"मग बाकीचे चौदा किलो कोण आहे?" बाई म्हणाल्या. "हे बघ, नादियाला काय सांगायचं ते सांग, तिने तुला पत्करलंय. स्प्रिंगला खोटं सांगता येत नाही. जाड स्प्रिंग माग."

ते शक्य नव्हतं. स्प्रिंग विकणारा दुकानदार सेकोन्दो न्हाव्याचा भाचा होता. त्याला चौऱ्याण्णव लिहून पाठवायचं म्हणजे शनिवारपर्यंत केस कापून घेणाऱ्या प्रत्येकाला ते कळणार. ओरिआनोने विचार केला. दोन रात्री केला. आणि तो अशा निष्कर्षाला आला, की प्रश्न वजनाचा नाहीच. बावन्न सेकंद फॉस्को थोडाच काढतो? ते त्याची गाडी काढते. फॉस्कोच्या गाडीत काहीतरी आहे, आणि ते तो कोणाला सांगत नाही.

हे शेवटचं मात्र खरं होतं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन्ही नळ्यांना एक स्क्रू वर असतो आणि एक खाली. गाडी किती दबायची, किती उसळायची, ते त्यांवर ठरतं. या स्क्रूंना खटके असतात. स्क्रू पूर्ण आत फिरवत न्यायचा आणि किती खटके वाजले ते मोजायचं, तो मालकाचा आकडा. मग तितकेच खटके मागे फिरवायचे, की स्क्रू होता तिथे येतो. मोजण्यासाठी आधी बिघडवावं लागतं, ही या विद्येतली गोम. त्या भागात लोक पगार सांगतात, आजार सांगतात, शेजारणीचं लफडं तर न विचारता सांगतात. पण खटके सांगत नाहीत. फॉस्कोला कोणी विचारलं तर तो हसून म्हणे, "ते माझ्याबरोबर जाणार."

फॉस्कोच्या गॅरेजची जादा किल्ली नादियाकडे असे. एका बुधवारी दुपारी, फॉस्को दुकानात आणि मोरेना, म्हणजे नादियाची बहीण, केस करायला गेलेली असताना ओरिआनोने ती खिळ्यावरून काढली. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने दुसऱ्याची वस्तू म्हणून कधी ऑफिसातली टाचणी घरी नेली नव्हती. आज मात्र त्याचं मन शांत होतं. मत्सराचा एवढा एक फायदा आहे, तो माणसाला एकाग्र करतो.

वरचे स्क्रू त्याने आत फिरवले. खट, खट, खट. दोन्हीकडे नऊ. खालचे फिरवले. चौदा. दोन्ही आकडे त्याने तळहातावर लिहिले. आता फक्त मागे फिरवायचे, एवढ्यात फाटक वाजलं. मोरेना. न्हावीण दुकान बंद करून ट्रॅकवर गेली होती. ओरिआनो फरशांच्या खोक्यांमागे बसला, आणि मोरेना गॅरेजच्या दारातच खुर्ची टाकून फोनवर बोलत बसली. वीस मिनिटं.

"ओरिआनो? छे गं," ती मैत्रिणीला सांगत होती. "त्याचा कोणाला काय त्रास? आपला एका कोपऱ्यात बसून असतो. बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात."

खोक्यामागे ओरिआनोने मुठी आवळल्या. तळहाताला घाम सुटला.

मोरेना आत गेल्यावर त्याने मूठ उघडली. नऊ होते, चौदा होते. वरचे कोणते आणि खालचे कोणते, ते लिहिलं नव्हतं. आतून कपबशीचा आवाज आला. त्याने घाईघाईने वर चौदा फिरवले, खाली नऊ, आणि कुंपणाच्या फटीतून बाहेर पडला. आपल्या गॅरेजात येऊन दार लावलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि तेव्हा त्याला स्वच्छ आठवलं: पहिल्यांदा मोजले ते वरचे. ते नऊ.

आपल्या गाडीवर त्याने वर नऊ लावले, खाली चौदा. फॉस्कोच्या गाडीवर आता उलटं होतं. पण पुन्हा त्या गॅरेजात शिरायचं धाडस त्याला होईना.

मग तीन दिवस त्याचं जेवणात लक्ष लागेना. वळणावर गाडी भलतंच वागली आणि फॉस्को पडला तर? ओरिआनोच्या डोळ्यांपुढे जन्ममृत्यूचं रजिस्टर येई, त्यात त्याच्याच अक्षरात फॉस्कोचं नाव. त्याला घाम फुटे. आणि त्या घामातच, अगदी तळाशी, असाही विचार येई की पडू दे जरा. फार नको, एका कोपरापुरतं. मग तो उठून पाणी पिई.

शनिवारी दोन्ही गाड्या मिझानोला गेल्या त्या फॉस्कोच्याच टेम्पोतून. ओरिआनोच्या गाडीला दिवे नाहीत, नंबर नाही, ती रस्त्यावर कशी नेणार? टेम्पो साऱ्या नात्यात फक्त साडूकडे होता. वाटेत फॉस्कोने त्याला दोन पाव खाऊ घातले आणि पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. ओरिआनोला तेही लागलं.

"फॉस्को," तो शेवटी म्हणाला, "ट्रॅकवर उतरण्यापूर्वी फोर्कचे खटके एकदा बघून घे."

फॉस्को मोठ्यांदा हसला. "साडूभाऊ! अकरा वर्षं त्याला हात लावला नाही मी. तू तुझं सांभाळ. पहिल्या फेरीला आरसे शोधू नकोस, नसतात."

"तरी पण बघ. माणसाने बघावं."

"किती काळजी करतोस रे," फॉस्को म्हणाला, आणि त्याने खरोखरच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

क्लबने नंबर वाटले. फॉस्कोला सात. ओरिआनोला एकशे तेरा. तीन आकडे कवचावर मावेनात म्हणून शेवटचा तीन वळवून गाडीच्या पोटावर लावावा लागला. पहिली बारी नवशिक्यांची होती. ओरिआनो उतरला. ब्रेक दाबला की गाडी साष्टांग नमस्कार घाली, सोडला की मागे बसे. सरळ रस्त्यावरही ती होडीसारखी डुलत होती. एका बाईंनी त्याला दोनदा ओलांडलं, दुसऱ्या वेळी हात केला. पाचव्या फेरीला प्लास्टिकची एक पट्टी तुटली आणि शेपटी फडफडायला लागली. वेळ: दोन मिनिटं चोवीस सेकंद. त्या दिवशी एवढी वेळ दुसऱ्या कोणाची नव्हती.

पण तो कागद त्याने पाहिलासुद्धा नाही. वेगवानांची बारी सुरू झाली होती. तो सूटसकट कठड्याशी उभा राहिला आणि लाल गाडी वळणावर दिसली की डोळे मिटून घेऊ लागला. एक फेरी, दोन, तीन. देवा, तो नीट येऊ दे, ओरिआनो मनात म्हणत होता, मी सगळं कबूल करतो, मी स्प्रिंग बदलतो, चौऱ्याण्णव लिहून देतो.

फॉस्को नीट आला. हेल्मेट काढून तो काही बोललाच नाही, आणि फॉस्को बोलत नाही हे दृश्य तिथे कोणी पाहिलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "पन्नास आठ."

"काय?"

"एक मिनिट, पन्नास पूर्णांक आठ. अकरा वर्षांत बावन्नच्या खाली गेलो नव्हतो रे. आज गाडी माझं ऐकत होती. मी मनात म्हणायचो आणि ती वळायची." त्याचे डोळे ओले होते.

देवाने मागणं एवढं ऐकायला नको होतं, असं ओरिआनोला वाटलं. साडू जिवंत राहावा एवढंच मागितलं होतं. सव्वा सेकंद कोणी मागितला होता? ज्या हाताने त्याने फॉस्कोचं बिघडवलं, त्याच हाताने ते सुधारलं होतं. आणि फॉस्कोचा जो गुप्त आकडा त्याने चोरून आणला, तो चुकीचा होता. अकरा वर्षं चुकीचा होता!

दुसऱ्या दिवशी रविवार. टेम्पो सासूबाईंच्या अंगणात उभा, दोन्ही गाड्या आत. टेबलाभोवती दोन मुली, दोन जावई आणि फादर. फॉस्को तिसऱ्यांदा पन्नास आठची फेरी सांगत होता, आणि बाईंचा पत्ता नव्हता. त्या आल्या त्या फडक्याला हात पुसत, एप्रनच्या खिशात स्क्रूड्रायव्हर घालून.

"फोर्क कोणी लावला?" त्यांनी विचारलं.

फॉस्को क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "मीच की, आई. म्हणजे... हिवाळाभर डोक्यात होतंच."

"वर किती खटके?"

ते माझ्याबरोबर जाणार, असं तो म्हणू शकला असता. पण समोर इओलांदाबाई होत्या. "नऊ," फॉस्को म्हणाला.

"वर चौदा आहेत."

बाईंनी पातेल्याचं झाकण काढलं आणि ओगराळं बुडवलं. "ज्याने हे केलं त्याला गाडी कळते. पहिला वाडगा आज त्याचा. माझे हे होते तेव्हा या घरात आधी मेकॅनिक जेवायचा. रेस जिंकलेला त्याच्यानंतर. बोला, कोण?"

ओरिआनोने वाडग्यात पाहिलं. रिकामा होता. 'मी' म्हणावं तर चोर ठरणार. गप्प बसावं तर सोळा वर्षं बसलाच होता, आणखी सोळा बसता आलं असतं. त्याने गप्प बसायचं ठरवलं. खरोखर ठरवलं होतं. एवढ्यात फॉस्कोने, मुद्दाम नव्हे, नुसत्या सवयीने, आपला वाडगा पुढे सरकवला.

"मी!" ओरिआनो ओरडला. "बुधवारी! मी गॅरेजात शिरलो आणि मी लावले!"

"अगबाई," मोरेना म्हणाली, "मला वाटलं मांजर असेल."

फॉस्को उठला. खुर्ची मागे पडली. ओरिआनोनेही उठून भिंत गाठली. फॉस्को टेबलाला वळसा घालून आला, त्याने ओरिआनोला दोन्ही हातांनी पकडलं, आणि तो रडायला लागला.

"माझ्यासाठी?" तो म्हणाला. "कोणाला न सांगता? आणि काल मला म्हणत होतास, बघून घे, बघून घे! अरे, सोळा वर्षं मला वाटायचं की तू माझ्यावर जळतोस!"

"छे," ओरिआनो त्याच्या खांद्यात म्हणाला. "छे, छे."

नादियाने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. फादरांनी डोळे पुसले. इओलांदाबाईंनी पहिलं ओगराळं ओरिआनोच्या वाडग्यात रिकामं केलं, आणि वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुझ्या गाडीवर वर नऊ आहेत आणि खाली चौदा. दोन्ही मोजल्यात मी. जेव. आणि उद्या चौऱ्याण्णवची स्प्रिंग माग."

वाडगा काठोकाठ भरला होता. रश्श्यावर तुपासारखी सोनेरी चरबी तरंगत होती, आणि टोप्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. इतर कोणापुढे अजून काही नव्हतं. ओरिआनोने चमचा उचलला, पहिला घास घेतला आणि सगळे बघताहेत ना म्हणून मान वर केली.

कोणीच बघत नव्हतं. सगळे फॉस्कोकडे वळले होते. फॉस्को सांगत होता, आपल्या साडूचं मन किती मोठं, कसा तो भर दुपारी, भित्र्या स्वभावाचा माणूस, कोणाच्या तरी सुखासाठी चोरासारखा गॅरेजात शिरला, अंधारात बोटांनी चाचपत त्याने खटके कसे मोजले. मोरेना हुंदके देत होती. फादरांनी पाव हातातच धरला होता. इओलांदाबाईसुद्धा, सगळं ठाऊक असून, ओगराळं तसंच धरून ऐकत होत्या.

आणि किती छान सांगत होता! ओरिआनोचा घास तोंडातच राहिला. आपलीच गोष्ट, पण आपल्याला अशी शंभर वर्षांत सांगता आली नसती, हे त्याला कळलं, आणि रश्श्याची सगळी चव गेली.